रुळांभोवतीचा मुलूख

दिवाळीला किंवा वाढदिवसाला घरात खेळण्यातील आगगाडी येते. पहिल्या दिवशी सारे घर तिच्याभोवती जमते, दुसऱ्या दिवशी केवळ मुले उरतात आणि आठवड्याभरात ती खोक्यात बंद होऊन माळ्यावर जाते. यात मुलांच्या चंचलतेला दोष देण्याचा प्रघात आहे. परंतु खरी उणीव वेगळीच असते. गाडी वर्तुळाकार रुळांवरून निघते आणि तिथेच परत येते. तिला जायला गाव नसते, चढायला घाट नसतो, उतरवायला माल नसतो. ज्या घरांत अशी गाडी वर्षानुवर्षे टिकते, तिथे रुळांभोवती कोणीतरी एक मुलूख उभा केलेला असतो. टेकडी, ओढा, पूल, कडुनिंब, स्थानक, मालधक्का आणि त्यापलीकडची पेठ असा हा देखावा उभारणे, हा स्वतंत्र आणि विचार करायला लावणारा छंद आहे.

या छंदात देखाव्याला मानाचे स्थान मिळाले ते इंग्लंडमध्ये, १९३० च्या दशकाच्या सुमारास. तोवर बहुतेक शौकीन इंजिन आणि रूळ यांतच रमलेले असत. जॉन अहर्न या गृहस्थांनी ‘मॅडर व्हॅली’ नावाची एक काल्पनिक दरी घडवली आणि तीत गाडीइतकेच महत्त्व गावाला, बंदराला व रस्त्यांना दिले. छोट्या निसर्गदृश्यांच्या रचनेवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. याच काळात रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियात जन्मलेला तरुण त्या देशात येऊन राहिला होता. ‘व्हेल ऑफ द व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यातील जुनी गवती छपरांची घरे त्याच्या डोळ्यांदेखत बदलू लागली होती. हे सारे नाहीसे होण्यापूर्वी नोंदवून ठेवले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. तो घरांची मापे घेऊ लागला आणि मूळच्या ७६ व्या हिश्श्याने त्यांची प्रतिरूपे बनवू लागला. एकेका घराला शेकडो तास लागत. ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनहॅम या खेड्यात १९५४ पासून त्याचे ‘पेंडन’ संग्रहालय उभे राहिले. अहर्न यांची मॅडर व्हॅलीही आज तिथेच जतन केलेली आहे. तिथल्या देखाव्यात गाड्या धावतात खऱ्या, परंतु पाहणाऱ्याचे डोळे खिळतात ते एखाद्या परसातील भाजीच्या वाफ्यावर.

रॉय इंग्लंडच्या या खटाटोपात व्यापारी घराण्यांनी लक्ष द्यावे असे बरेच आहे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे आणि सुट्टीत तिथे कुटुंबे आवर्जून जातात. तिथून परतताना मुले घरी असेच काहीतरी करण्याचा हट्ट धरतात. मग दुकानातून तयार घरे आणली जातात, ती बहुधा युरोपीय धाटणीची असतात. बर्फ घसरून जावे म्हणून केलेली उतरती छपरे, सूचिपर्णी वृक्ष आणि खिडक्यांतील फुलांच्या कुंड्या! सोलापूर किंवा लातूरकडच्या घरातील जेवणाच्या टेबलावर आल्प्सचा पायथा अवतरतो. त्यात मुलाला विचारण्यासारखे काही नसते आणि आजोबांना सांगण्यासारखेही काही नसते.

त्याऐवजी आपल्याच भागातील एखादी गाडी निवडली तर? बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण पाहावे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या प्रयत्नांतून ही अडीच फूट रुंदीची गाडी मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत धावू लागली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. कापूस, तेलबिया, धान्य आणि वारकरी असे सर्व तिने वाहिले. १९५४ मध्ये ती सरकारच्या मालकीची झाली. अलीकडच्या काळात हा सारा मार्ग रुंद झाला आणि ती छोटी गाडी कायमची थांबली. बार्शीच्या उत्तरेस कुंथलगिरीचे सिद्धक्षेत्र असल्याने हा टापू जैन कुटुंबांना अपरिचित नाही. या मार्गावरील बाजारगावांत पिढ्यान्‌पिढ्या अडत आणि किराण्याची दुकाने चालवणारी घरे आजही आहेत. अशा घरात या गाडीचे एक स्थानक उभे राहिले, तर त्याला खेळण्यापलीकडचा अर्थ येतो.

कामाची सुरुवात हिशेबाने करावी. छोट्या रेल्वेच्या जगात ८७ व्या हिश्श्याचे प्रमाण सर्वाधिक प्रचलित आहे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात सर्वात लहान मापांपैकी एक असलेला ९ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो आणि तो इथे जवळजवळ नेमका बसतो. त्याचे स्लीपर या प्रमाणाला थोडे दाट आणि आखूड असतात. परंतु ते मातीत अर्धवट बुजवले की डोळ्यांना खटकत नाहीत. याच हिशेबाने साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरहून किंचित कमी, धान्याचे पोते सुमारे एक सेंटिमीटर आणि ४० फुटी कडुनिंब १४ सेंटिमीटर भरतो. सहा फूट लांबीची प्लायवूडची फळी म्हणजे प्रत्यक्षातील जेमतेम १६० मीटर. त्यात सारे बार्शी मावणार नाही, हे पहिल्याच दिवशी ध्यानी येते. मग काय ठेवायचे आणि काय सोडायचे, याचा निर्णय करावा लागतो. फळीची रुंदी हात पोहोचेल इतकीच, अडीच फुटांच्या आत असावी. बोगदा केला तर मागून हात घालण्यास जागा ठेवावी. गाडी रुळांवरून घसरते ती नेमकी बोगद्यातच.

रूळ बसवून गाडी सर्वत्र सुरळीत चालते याची खात्री झाल्यावरच देखाव्याला हात घालावा. या भागातील डोंगर उभारणे तुलनेने सोपे आहे आणि त्याचे कारण भूगर्भात आहे. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून बनले. म्हणूनच बार्शीहून लातूरकडे जाताना येडशीजवळ लागणाऱ्या बालाघाटाच्या डोंगरांचे माथे सपाट आणि अंग पायऱ्यापायऱ्यांचे दिसते. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. दुकानातील मालाबरोबर आलेले थर्मोकोलचे तक्ते आडवे एकमेकांवर चिकटवले आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत घेतला की डोंगराचा आकार आपोआप येतो. चिकटवण्यास फेव्हिकोलसारखा पांढरा गोंद वापरावा. रबर सोल्यूशनने थर्मोकोल विरघळते. त्यावर जुन्या धोतराच्या पट्ट्या पातळ कालवलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून अंथराव्यात. एका दिवसात टणक कवच तयार होते. थर्मोकोल कापताना आणि कोरडे प्लास्टर मिसळताना नाकातोंडाला रुमाल बांधावा, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

इथवर कोणतीही अडचण नाही. परंतु जमिनीचा पोत, गवत आणि झाडे यांच्यापाशी आले की जैन घरातील माणसाला थांबून विचार करावा लागतो. परदेशी मार्गदर्शक पुस्तके सांगतात की खरी माती आणा, चाळा आणि तिच्यातील जीवजंतू मरावेत म्हणून भट्टीत भाजून घ्या. झुडपांसाठी उत्तरेकडील थंड प्रदेशातील एक मऊ दगडफूल ग्लिसरिनमध्ये मुरवून विकले जाते. पानांचा ठसा उमटवण्यासाठी समुद्रातील नैसर्गिक स्पंज वापरतात, तो मुळात एका सागरी प्राण्याचा सांगाडा असतो. उंची कुंचले मुंगसासारख्या प्राण्यांच्या केसांचे, तर जुन्या पद्धतीचा सरस हाडाकातड्यांचा असतो. पृथ्वीकाय आणि अनंतकाय यांचा विचार ज्या घरात रोजच्या ताटाशी निगडित आहे, तिथे केवळ करमणुकीसाठी हे सारे कसे चालावे?

सुदैवाने यातील एकाही वस्तूवाचून काम अडत नाही. मातीच्या जागी विटेची भुकटी, कौलांचा चुरा, खडूची पूड आणि कोळशाचा रंग यांचे मिश्रण चालते. सोलापूरकडची काळी जमीन वस्तुतः निव्वळ काळी नसतेच. तिच्यात तपकिरी आणि राखाडी छटा असते. ती मिश्रणातून अधिक नेमकी साधते. गवतासाठी वखारीतील लाकडाचा बारीक भुसा कापडी रंगात भिजवून सुकवावा. त्याच्या चार-पाच छटा करून ठेवल्या की ऋतू बदलता येतात. उंच वाळलेल्या गवतासाठी पोत्याच्या तोंडाची सुतळी पिंजून तिचे झुबके लावावेत. झाडांसाठी विजेच्या जुन्या वायरीतील तांब्याच्या तारांचा जुडगा घ्यावा. तो खाली पिळून खोड करावे, वर तारा फाकवून फांद्या कराव्यात आणि त्यावर गोंदात कालवलेला भुसा थापावा. पालवीसाठी जुन्या गादीतील फोमचा चुरा रंगवून वापरावा. वडाच्या पारंब्या पुन्हा सुतळीच्याच. कुंचले नायलॉनचे घ्यावेत. कणकेची खळ मात्र टाळावी. तिच्यावर झुरळे आणि कसर येते आणि मग एक हिंसा टाळताना दुसरी घडते.

कामाच्या वेळेचाही विचार करावा लागतो. ओल्या गोंदाचा मोठा पृष्ठभाग आणि वर लटकता दिवा म्हणजे पतंगांना सापळाच. देखाव्याचे ओले काम दिवसाउजेडी करावे, सुकेपर्यंत त्यावर चौकटीला ताणलेले पातळ कापड ठेवावे आणि चातुर्मासात, जेव्हा किडेकीटक सर्वाधिक असतात, तेव्हा पुठ्ठा कापणे, रंगवणे, मापे काढणे अशी कोरडी कामे हाती घ्यावीत. एवढी काळजी घेतली तर काम थोडे लांबते, परंतु मुलांना यतना या शब्दाचा अर्थ प्रवचनाखेरीजही कळतो.

भुसा किंवा खडी पसरल्यानंतर ती पक्की करण्याचीही एक रीत आहे. आधी पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून त्याचा हलका फवारा द्यावा. त्यानंतर एक भाग पांढरा गोंद आणि तीन भाग पाणी यांचे मिश्रण ड्रॉपरने थेंबाथेंबाने सोडावे. साबणामुळे ते गोळा न होता कणाकणांत झिरपते. सांध्यांच्या हलत्या पात्यांपाशी मात्र एक थेंबही जाऊ देऊ नये.

यानंतर येते स्थानक आणि त्याबाहेरची पेठ. आणि इथेच या छंदाचे खरे मोल प्रकट होते. पुठ्ठ्याचे मालधक्क्याचे छप्पर करायला घेतले की पहिला प्रश्न पडतो पत्र्याचा. दुकानातील खोक्याचा नालीदार पुठ्ठा वापरण्याचा मोह होतो. परंतु त्याची नाली ८७ पटींनी मोठी केली तर प्रत्यक्षात अर्ध्या मीटरहून रुंद ठरेल! पत्र्याची खरी नाली तीन इंचांची, म्हणजे या प्रमाणात एक मिलिमीटरहूनही कमी. ॲल्युमिनियमची फॉइल अगदी बारीक दातांच्या फणीवर दाबून घेतली की तो पत्रा साधतो. दुसरा प्रश्न मात्र फुटपट्टीने सुटत नाही. मालधक्क्याचे तोंड कोणत्या दिशेला होते? बैलगाड्या कुठे सोडत? पोती आडवी रचत की उभी? काटा कोणत्या कोपऱ्यात असे? हमालांना सावली कोणत्या झाडाची मिळे? याची उत्तरे कोणत्याही पुस्तकात नाहीत. ती घरातील ऐंशीच्या घरातल्या माणसापाशी आहेत आणि बहुधा कोणी विचारत नाही म्हणून त्याने ती सांगितलेलीही नाहीत.

“पूर्वीच्या गोष्टी सांगा” असे म्हटले की वडीलधारी माणसे दोन वाक्यांत आटोपतात. परंतु “काटा कुठे ठेवू?” असे विचारत नातवाने दोन सेंटिमीटरचा काटा पुढे केला, की स्मृतीची दारे उघडतात. मग काट्यापाशी उभा राहणारा मापाडी आठवतो, त्याची पोती मोजण्याची लकब आठवते. त्या पाठोपाठ रेल्वे पावतीची गोष्ट निघते. मालधक्क्यावर माल चढवला की मिळणारी ती पावती म्हणजे मालावरचा हक्कच असे. व्यापारी ती हुंडीसोबत बँकेत देई, ती परगावच्या शाखेत जाई आणि खरेदीदार रक्कम भरून ती सोडवून घेई, तेव्हाच त्याला माल उचलता येई. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या दोन माणसांचा व्यवहार त्या एका कागदावर उभा असे. आज बोटाच्या स्पर्शाने पैसे पाठवणाऱ्या नातवाला हे सारे कल्पित वाटावे असे आहे. जी पेढी त्याला उद्या सांभाळायची आहे तिची पाळेमुळे त्याच मालधक्क्यावर आहेत, हे त्याला कळणे मात्र आवश्यक आहे.

यातून देखाव्याला एक शिस्त येते, ती सत्याची. आजोबांनी कापसाच्या गाठी आठवल्या आणि नातवाने डोंगर हिरवागार रंगवला, तर दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. कापूस बाजारात येतो तो दिवाळीनंतर. तेव्हा माळ पिवळा पडू लागलेला असतो, ओढ्यात पाणी कमी असते आणि सावल्या लांब पडतात. म्हणून एक गाव, एक वर्ष आणि एक ऋतू निश्चित करावा आणि बाकी सर्व त्याच्याशी जुळवून घ्यावे. पाठीमागच्या आकाशालाही हाच नियम. वर गडद निळे, क्षितिजापाशी फिकट, आणि दूरचे डोंगर जवळच्यांपेक्षा फिके व निळसर. डोळा दूरचे जसे पाहतो तसेच दाखवावे. जे आठवत नाही, ते थाटामाटाने भरून काढू नये. तिथे एखादी साधी भिंत किंवा झाड पुरे. खतावणीत ज्याचा आधार नाही ती नोंद घालू नये, हे व्यापाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. इंजिन आणि डबे आयात केलेले आणि महाग असतात. आणि एक घेतले की दुसऱ्याचा मोह होतो. देखावा मात्र जवळजवळ सर्वस्वी टाकाऊ वस्तूंतून होतो. पुठ्ठा, सुतळी, बारदान, थर्मोकोल, जुनी वायर यांची व्यापाऱ्याच्या घरी वानवा नसते. म्हणून एक इंजिन आणि चार डबे यांवर थांबावे आणि उरलेला उत्साह मुलखाकडे वळवावा. परिमाणव्रत घेतलेल्या माणसाला अशी मर्यादा जाचक वाटणार नाही. तथापि, आसक्ती वस्तूच्या किमतीवर अवलंबून नसते, हेही खरे. स्वतःच्या हाताने घडवलेल्या गोष्टीत ती अधिक खोल रुजते.

या संदर्भात अमेरिकेतील जॉन ॲलन यांचे उदाहरण आठवणीत ठेवण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी येथील आपल्या घरात त्यांनी अनेक वर्षे खपून डोंगरदऱ्यांची एक विलक्षण रेल्वे उभारली. जमिनीपासून छतापर्यंत गेलेले तिचे कडे पाहून जगभरचे शौकीन प्रभावित झाले. जानेवारी १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच आगीत ती रेल्वे नष्ट झाली. उरली ती छायाचित्रे, आणि त्यांच्याकडून पाहून शिकलेली माणसे. घरातील छोट्या स्थानकाचेही कधीतरी असेच होणार आहे. मूल शिकायला बाहेरगावी जाईल, खोली दुसऱ्या कामाला लागेल, फळी हलवावी लागेल. तेव्हा हळहळ वाटू नये यासाठी एक काम आरंभापासून करावे. आजोबांनी दिलेले प्रत्येक उत्तर, गावाचे नाव आणि अंदाजे साल यांसह एका वहीत लिहून काढावे. शेजारी पेन्सिलीने नकाशा काढावा. देखावा मोडला तरी ही वही घराण्याच्या कागदपत्रांत राहते.

ज्यांना सहा फुटी फळी अवघड वाटते त्यांनी एक फूट रुंद आणि दोन फूट लांब तुकड्यापासून आरंभ करावा. त्यावर रुळाचा एक सरळ तुकडा, मालधक्का, एक कडुनिंब, दोन बैलगाड्या आणि वीस पोती एवढे पुरे. दिवाळीच्या सुट्टीत ते सहज पूर्ण होते. विजेची गाडी नसली तरी चालेल. पुठ्ठा कापण्याआधी मात्र घरातील सर्वांत वडील व्यक्तीला शेजारी बसवून घ्यावे आणि काटा कुठे ठेवायचा, ते तिलाच विचारावे.